पुलाखालची बाग

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात ज्या कुणाला पहिल्यांदा राजधानी पाहायला जायचे असे, तो आधी रजेचा अर्ज करी आणि मग माझ्या टेबलाशी येई. मी तेथे आरेखक होतो; जमिनीखालून जाणाऱ्या नळांचे नकाशे काढणे हे माझे काम. पण नकाशांपेक्षा माझे नाव झाले होते ते सहलींच्या आराखड्यांमुळे. थोड्या खर्चात मोठे शहर कसे पाहावे, हे माझ्याइतके नेमके सांगणारा माणूस गावात दुसरा नाही, असे लोक म्हणत, आणि लोकांचे हे म्हणणे मी कधी खोडून काढले नव्हते. कोणत्या गाडीने निघाले म्हणजे सकाळी पोचून एका रात्रीचे खोलीभाडे वाचते; कोणत्या वारी संग्रहालय फुकट असते; दिवसभराचा पास कोणत्या खिडकीवर मिळतो; राजधानीहून बंदराच्या शहराला जाताना जलद गाडी सोडून दुपारची साधी गाडी का धरावी, हे सारे मी एका तक्त्यात मांडून देई. वेळा आणि दर दरवर्षी पत्रे पाठवून ताजे करून घेई. दोन स्थळांमधले अंतर नकाशावर कर्कटकाने मोजून, चालण्याचा मध्यम वेग धरून, मिनिटांत लिही. लोक परत येत तेव्हा आभार मानायला विसरत नसत. "साहेब, तुमच्यामुळे निम्म्या खर्चात झालं," असे म्हणत. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

खरा नव्हता तो या साऱ्याचा पाया. चोवीस वर्षांचा असताना कार्यालयाने मला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी राजधानीला पाठवले होते. तोवर आमच्यापैकी कुणी ते शहर पाहिलेले नव्हते. मी पाहून आलो, असे सर्व जण समजत होते. मीही ते पाहिले नव्हते.

प्रशिक्षणाची इमारत स्टेशनाला लागून होती आणि राहण्याची सोय त्याच आवारात, मागल्या अंगाला. खोलीपासून वर्गापर्यंत चाळीस पावले. पहिल्या रविवारी मी नवा सदरा घालून फाटकाबाहेर पडलो आणि समोरच्या चौकाच्या कडेला उभा राहिलो. सहा रस्त्यांनी वाहने येत होती आणि ज्याला जिथे जायचे तो तिथे जात होता. मी एकदा पाऊल टाकले आणि मागे घेतले. दुसऱ्यांदा टाकले तेव्हा कुणीतरी ओरडले, "ए बाबा, मरायचंय का?" आणि चार माणसे हसली. तेवढे मला पुरले. मी मागे वळलो, स्टेशनातल्या दुकानातून शहराची मार्गदर्शिका विकत घेतली आणि उरलेले दिवस ती वाचत काढले. दुसऱ्या रविवारी मी फाटकापर्यंतही गेलो नाही.

घरी परतलो तेव्हा शेजारची मंडळी जमली होती. वडिलांनी कौतुकाने विचारले, "काय काय पाहिलंस रे?" आणि माझ्या तोंडून मार्गदर्शिकेचे बाविसावे पान बाहेर पडले. खोटे बोलायला धैर्य लागते असे म्हणतात. मला ते पटत नाही. त्या दिवशी मला केवळ स्मरणशक्ती लागली.

माझी बायको इस्पितळाच्या धुलाईखात्यात मुकादम होती. चादरी मोजण्यात आणि माणसे जोखण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. एक मीच काय तो तिच्या नजरेतून निसटलो. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, "मला राजधानी दाखवा." मी हो म्हणालो आणि पुढे ढकलले. मग आई अंथरुणाला खिळली, आणि ते दुखणे, लिहायला हात धजत नाही पण लिहितो, अकरा वर्षे माझ्या उपयोगी पडले. आई गेल्यावर मुलीच्या परीक्षा होत्या. परीक्षा संपल्यावर छपराचे काम निघाले. बायको वैतागून म्हणे, "माझ्या नवऱ्यानं सगळ्या गावाला शहर दाखवलं, बायको तेवढी राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

मुलगी लग्न होऊन गेली त्या वर्षी सबबी आटल्या. बायकोने आठ दिवसांची रजा मंजूर करून घेतली आणि तो कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला. "आता बोला," ती म्हणाली. मी बोललो नाही, तिकिटे काढली. चार दिवस राजधानी, तीन दिवस बंदराचे शहर.

निघायला पाच दिवस उरले असताना माझा मूळ तक्ता मला घरी सापडेना, म्हणून मी कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिथे कागदांच्या प्रती काढतात त्या खोलीत गेलो. शिपाई कुठेतरी गेला होता. आठवड्यापूर्वीच कामावर लागलेली एक मुलगी यंत्रापाशी बसली होती. आमचा आरेखन विभाग वरच्या मजल्यावर. तिने मला यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

"राजधानीचा तक्ता आहे का इथे?" मी विचारले.

"आहे की, सर. शिपाईदादा याच खणात ठेवतात." तिने दोन गठ्ठे बाहेर काढले. "कुठला देऊ? साधा की दुरुस्त केलेला?"

"दुरुस्त केलेला म्हणजे?"

"अहो, साधा नका घेऊ. त्यावरनं गेलात तर पुलावर लटकत राहाल. हा लाल शाईचा न्या. सगळे हाच नेतात."

"मग साधा ठेवलाय कशाला?"

"तो वरच्या मजल्यावरचे कुणी साहेब काढतात म्हणे. त्यांच्याकडून साधा घ्यायचा, आभार मानायचे आणि इथं येऊन लाल घ्यायचा, अशी पद्धत आहे." ती हसली. "तुम्ही नवीन दिसता, सर."

"एकतीस वर्षं झाली," मी म्हणालो.

तक्ता माझा होता, अक्षर माझे होते. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात मी लिहिले होते: 'संग्रहालयापासून सरळ, चौकात उजवीकडे वळून मोठी बाग. चार मिनिटे.' त्यावर लाल रेघ होती आणि बाजूला शिपायाच्या ओबडधोबड अक्षरात: 'इथे चौक नाही. आपला रस्ता पुलावरून जातो, बाग खाली आहे. मागे फिरून जिन्याने यावे. पस्तीस मिनिटे. म्हातारी माणसे नेऊ नयेत.' आणि कागदाच्या तळाशी, अधोरेखित: 'साहेबांना सांगू नये.'

चूक कशी झाली, हे मला तत्क्षणी कळले. मार्गदर्शिकेच्या नकाशात दोन रस्ते एकमेकांना छेदत होते आणि मी तो चौक धरला होता. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर मी ती क्षम्य मानली असती. पण मी आयुष्यभर नळाच्या प्रत्येक जोडाशेजारी त्याची पातळी लिहीत आलो होतो. कागदावर दोन रेघा छेदल्या म्हणून जमिनीखाली दोन नळ भेटतात असे नाही, एक वरून जातो आणि एक खालून, हे मी नव्या आरेखकांना पहिल्याच दिवशी शिकवीत असे, आणि ज्याला ते लवकर उमगत नसे त्याची चारचौघांत खिल्ली उडवीत असे.

शिपाई आला. तो माझ्याच बरोबरीने नोकरीला लागलेला. त्याने माझ्या हातातला कागद पाहिला, मग त्या मुलीकडे पाहिले आणि म्हणाला, "बाई, जरा चहाचं सांगून येता?" ती गेली.

"केव्हापासून?" मी विचारले.

"केव्हापासून काय, साहेब?"

"आडवळणं नकोत."

त्याने खुर्ची पुसली. मी बसलो नाही. "हिशेबखात्यातल्या बाई सासूबाईंना घेऊन गेल्या होत्या ना, तेव्हापासून. एकोणीस वर्षं झाली असतील. दोघी कठड्याशी उभ्या. खाली बाग दिसतेय, कारंजं उडतंय, आणि जायला वाट नाही. सासूबाई म्हणाल्या म्हणे, 'तुझ्या साहेबांना पंख आहेत का गं?'"

"नकाशात ते रस्ते एकमेकांना छेदतात," मी म्हणालो. वाद घालण्याची खोड अशी की ती माणसाला बुडतानाही सोडत नाही.

"छेदतात ना, साहेब. फक्त एक वरून छेदतो आणि एक खालून."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "जो माणूस एकदा त्या पुलावर उभा राहिलाय, त्याच्या हातून ही चूक व्हायची नाही, हे ज्याला त्याला तिथं गेल्यावर कळायचं. त्यापुढं बोलण्यासारखं काय राहिलं? आणि तुमच्या गाड्यांच्या वेळा एक नंबर. स्वस्तातली खोली, फुकटचे वार, सगळं चोख. एका बागेपायी माणूस तोडायचा का?"

एकोणीस वर्षांतले सारे चेहरे माझ्यासमोर येत होते. मोटारचालक, मीटर वाचणारे, दोन उपअभियंते. प्रत्येक जण पुलावर उभा राहून आला होता, माझ्या टेबलाशी येऊन आभार मानून गेला होता, आणि मी मान तुकवून विचारले होते, "मग, बाग कशी वाटली?" आणि प्रत्येकाने म्हटले होते, "छान, साहेब. फारच छान."

"वहिनींना माहीत नाही," शिपाई म्हणाला. "त्यांच्या कानावर जाऊ नये, एवढी काळजी सगळ्यांनी घेतलीय. तुम्ही हा लाल कागद घ्या आणि निर्धास्त जा."

मी तो घेतला. दुरुस्त केलेला तक्ता हाती असता, थोड्या चतुराईने, मी ते आठ दिवस निभावून नेऊ शकलो असतो, आणि या जगात मला अजून खरा मानणारे जे एक माणूस उरले होते, ते तसेच राहिले असते. तो विचार मी घरी पोचेपर्यंत केला आणि मला त्यात तर्काचा एकही दोष आढळला नाही.

बायकोची दुपारची सुटी होती. ती नवे बूट घालून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत येरझारा घालत होती.

"चावतात का?" मी विचारले.

"चावू देत. तिथं चावण्यापेक्षा इथं चावलेले बरे." ती थांबली नाही. "खात्यातल्या बायका विचारत होत्या, एवढ्या मोठ्या शहराची भीती नाही का वाटत? म्हटलं, भीती वाटायला मी काय कुकुलं बाळ आहे?" मग दारापाशी थांबून, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "खरं सांगू? वाटते. काल ती बातम्यांत गर्दी दाखवत होते ना, तेव्हा रजा रद्द करावी असं मनात आलं."

"मग?"

"मग म्हटलं, हे चोवीस वर्षांचे असताना त्या गर्दीत एकटे हिंडले. सोबत कुणी नव्हतं, ओळखीचं माणूस नव्हतं. मला तर तुम्ही आहात. तुमच्या बाहीला धरीन आणि डोळे मिटून चालेन."

मी कागद बाहेर काढला. "अगं, तिथले रस्ते आता पुष्कळ बदललेत," मी म्हणालो. म्हणजे अजूनही, त्या वाक्यानंतरही, मी खोट्यानेच सुरुवात केली.

"बदलू देत. मूळ तर तुम्हाला ठाऊक आहे."

"मूळही ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"मी काही पाहिलेलं नाही. पंधरा दिवस मी त्या आवाराच्या बाहेर पडलो नाही."

"थट्टा नका करू. माझी आधीच गाळण उडालीय."

मग मी सांगितले. फाटक, चौक, मार्गदर्शिका, वडिलांचा प्रश्न, पूल, लाल शाई. ती खुर्चीवर बसली आणि ऐकता ऐकता बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"मोठी बाग?" तिने विचारले.

"नाही."

"तो घड्याळाचा मनोरा? मुलीला तुम्ही झोपवताना सांगायचात तो?"

"त्याचे टोले खोलीत ऐकू येत."

"टोले," ती म्हणाली. तिने एक बूट काढून दुसऱ्याशेजारी नीट लावला. तिला राग येईल, ती रडेल, किंवा, माझ्या मनात तशी लबाड आशा होती, ती हसून टाकेल, असे मला वाटत होते. तिने यातले काही केले नाही. ती हिशेब करीत होती, गहाळ चादरींचा करते तसा.

"मग इतकी वर्षं मला नेलं नाहीत, ते आईंच्या दुखण्यामुळे नव्हे."

"दुखणं खरं होतं."

"ते मला नका सांगू. त्यांची अंथरुणं मीच धुतलीत." तिने मान वर केली. "आई कधी म्हणाल्या होत्या का, जा म्हणून?"

साक्षीदार कुणी उरला नव्हता. नाही म्हटले असते तर ते नाहीच ठरले असते.

"म्हणाली होती. दोनदा."

"केव्हा?"

"मुलगी बालवाडीत होती तेव्हा पहिल्यांदा. तिला मावशीकडे ठेवा, मी शेजारणीला सोबतीला बोलावते, तुम्ही दोघं जाऊन या, म्हणाली."

"आणि तुम्ही मला काय सांगितलंत?"

"आई नको म्हणते, असं."

तिने बुटांची जोडी खुर्चीखाली सरकवली. मग म्हणाली, "मी त्यांना एकदा बोलले होते. तुम्ही कामावर होतात. पाठ पुसत होते त्यांची. म्हटलं, तुमच्यापायी मी या चार भिंती सोडून काही बघितलं नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, खरं बोललेलं झोंबलं म्हातारीला."

मला हे ठाऊक नव्हते.

"म्हणजे त्यांना कळलं होतं," ती म्हणाली. "आपण जा म्हटलं आणि मुलगा आपल्या नावावर नको सांगतोय, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आणि त्या गप्प बसल्या. तुमच्यासाठी गप्प बसल्या हो. आणि मी पाण्याचा गडू उचलला आणि तिथून निघून गेले."

वाद घालण्यात मी कुणाला हार गेलो नाही, असा माझा लौकिक होता. त्या दुपारी मी माझ्या बाजूचे एक वाक्य शोधत होतो. मी तरुण होतो, मी भित्रा होतो, गोष्ट वाढत गेली: प्रत्येक वाक्य खरे होते, आणि प्रत्येक वाक्याच्या टोकाशी आई भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. लोकांनी मला खोटे बोलू दिले, ते त्यांच्या चांगुलपणाने. त्याची लाज एक प्रकारची होती. ही दुसरी होती. पहिल्या लाजेत माणसाला लपावेसे वाटते. या दुसऱ्या लाजेला लपायला जागाच नव्हती, कारण ज्यांच्यापासून लपायचे त्यांतली एक समोर बसली होती आणि दुसरी या जगात नव्हती.

"तिकिटं दोन आहेत," बायको शेवटी म्हणाली. "मी जाणार. भीती वाटली तरी जाणार. तुम्ही यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण आलात तर माझ्या पुढे चालायचं नाही."

तिने लाल शाईचा कागद माझ्या हातून घेतला, घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवला. पुढले चार दिवस आम्ही कामापुरते बोललो.

मी गेलो. न जाणे सोपे होते, म्हणून गेलो. गाडी आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या स्टेशनात थांबते. सकाळचे आठ वाजले होते. बायको जिना चढून वर आली आणि दरवाजातून बाहेरची गर्दी पाहून जागीच थबकली. तिच्या हाताची मूठ पिशवीच्या बंदावर आवळलेली मला मागून दिसत होती. मी दोन पावले मागे होतो आणि पुढे जायची मला मुभा नव्हती. मुभा असती तरी पुढे जाऊन मी काय करणार होतो, हा प्रश्नच होता.

मग ती वर्तमानपत्रे विकणाऱ्या एका बाईपाशी गेली आणि मोठ्याने, धुलाईखात्यात यंत्रांच्या आवाजावरून बोलावे लागते तशी, म्हणाली, "बाई, आम्ही पहिल्यांदाच आलोय. संग्रहालयाला कसं जायचं?"

त्या बाईने हातातला गठ्ठा खाली ठेवला. "फुकटचा वार बघून आलात वाटतं? हुशार आहात. ती बघा निळी बस. बसा आणि कंडक्टरला सांगा, तो उतरवील. आणि हो, पुलाच्या बाजूनं बागेत जायला बघू नका, सगळे फसतात."

एवढेच करायचे होते. एका माणसाला विचारायचे होते. त्याला दहा शब्दही लागले नसते.

बस भरलेली होती. बायको पुढच्या दाराने चढली. मी तिच्यामागे पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिलो. कंडक्टरने तिला विचारले, "एक?"

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले. चार दिवसांत प्रथमच पाहिले, आणि ताबडतोब उत्तर दिले नाही. मागची माणसे खोळंबली. कुणीतरी म्हणाले, "काय ते लवकर ठरवा, बाई."

"दोन द्या," ती कंडक्टरला म्हणाली. "ते माझे यजमान. त्यांना इथलं काही माहीत नाही."

तिचा आवाज मोठाच असतो. पुढच्या बाकांवरची माणसे माझ्याकडे पाहू लागली. पांढऱ्या केसांचा, इस्त्रीचा सदरा घातलेला, पायरीवर अडकलेला मनुष्य. माझे कान तापले. एका वृद्ध गृहस्थाने सरकून जागा केली आणि वरच्या दांड्याकडे बोट दाखवीत, लहान मुलाला सांगावे तसे सावकाश सांगितले, "इथं धरा. सुरू होताना हिसका बसतो."

"बरं," मी म्हणालो आणि धरले.